ब्लँकेट विकलं, मग बिघडलं कुठं?

पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्या, बँकेच्या कर्ज विभागात नोकरी करणाऱ्या एका 38 वर्षांच्या ख्रिस्ती भगिनीचं हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील काढून त्याचा गोषवारा देत आहोत.

"आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. पणजी लहानपणी दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात आली, तिथेच शिकली आणि शिक्षिका झाली. तेव्हापासून आमचं घर ख्रिस्ती आहे. आमचं चर्च दर नाताळात जवळच्या वस्तीत ब्लँकेटं आणि किराणा वाटतं. गेल्या वर्षी 40 ब्लँकेटं वाटली. त्यातलं एक आमच्याकडे भांडी-फरशी करणाऱ्या बाईंना मिळालं. आठ दिवसांनी त्यांच्या लेकीच्या तोंडून कळलं की ते दीडशे रुपयांना विकलं. त्याआधी याच बाईंनी मुलाच्या फीसाठी म्हणून 5,000 रुपये उचल घेतली आणि भाचीच्या लग्नात आहेराला खर्च केली. मी त्यांना कधी परकं मानलं नाही. त्यांचा कप वेगळा ठेवलाय, दोन वेळा चहा देते, शिळं कधी देत नाही. तरी त्या खोटं बोलल्या. आता वस्तीत गेले की मला दया येत नाही, चीड येते. आम्हीही गरिबीतूनच आलो, पण शिकलो, कष्ट केले, वर आलो. मग हे लोक का येत नाहीत? जो काम करत नाही त्याने खाऊही नये, असं बायबलमध्ये प्रेषित पौलानेच लिहिलंय ना? पुढच्या महिन्यात महिला मंडळात 'गरिबांवर प्रीती' या विषयावर मला बोलायचंय आणि मनात तर काहीच नाही. मी ढोंगी आहे का? गरिबांविषयी कळवळा कसा शिकायचा?"

ताई, सलाम.

आधी ब्लँकेटचं बघू, कारण तुमचा सगळा राग त्यातच गुंडाळून ठेवलाय.

डिसेंबरात वस्तीत ब्लँकेट घेऊन येणारे तुम्ही एकटेच नसता. थंडीची बातमी पेपरात आली की गणेश मंडळवाले येतात, निवडणूक जवळ असली की इच्छुक उमेदवार येतात, कंपन्यांची माणसं एकसारखे टी-शर्ट घालून येतात आणि नाताळाच्या सुमारास आपण येतो. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं झोपत असतील, तर तिसरं-चौथं ब्लँकेट ठेवायचं कुठं? माळ्यावर आधीच पावसाळ्याची ताडपत्री, लग्नातली पातेली आणि गावाकडून आलेलं धान्य. शिवाय घरात गोधड्या असतात. जुन्या लुगड्यांच्या चार-पाच थरांवर धावदोरा घालून शिवलेली गोधडी ज्याने एकदा पांघरलीय, तो वाटपातल्या पातळ ब्लँकेटकडे ढुंकूनही बघणार नाही. म्हणजे तुम्ही ज्याला ऊब म्हणून बघत होता, ती त्या घरात एक जास्तीची वस्तू होती. तिचे दीडशे रुपये आले.

त्या दीडशेचं काय झालं, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. तुम्ही विचारलं नसावं असा माझा अंदाज आहे. बचत गटाच्या हप्त्यात घातले असतील, सिलिंडरला कमी पडत होते तिथे गेले असतील, नाहीतर पोरांना चिकन आणलं असेल. चिकन आणलं असेल तर मला आनंदच आहे. तेव्हा आपल्या घरी केकचा खमंग वास सुटलेला होता.

गरज आहे म्हणून ब्लँकेटं, की नाताळ आहे म्हणून ब्लँकेटं, हा प्रश्न तुमच्या चर्चच्या मंडळीने स्वतःला विचारावा. पत्र्याच्या घराची खरी अडचण जूनमध्ये असते. मे संपता संपता तिथल्या बायका ताडपत्रीचे भाव काढत फिरतात. त्या वेळी चर्च उन्हाळी बायबल शाळेच्या गडबडीत असतं.

आता उचल. फी सांगितली आणि आहेर केला, हे खोटंच होतं, मी त्याला दुसरं नाव देणार नाही. पण असं बघा, भाचीच्या आहेरासाठी मागितले असते, तर तुम्ही दिले असते का? तुमच्या मनात एक यादी आहे: फी, औषध, चष्मा चालतो, लग्न, जावळ, देवदर्शन चालत नाही. ही यादी तुम्ही कधी बोलून दाखवलेली नाही, पण बाईंना ती तोंडपाठ आहे. ज्याला मागावं लागतं, त्याला देणाऱ्याची यादी पाठ करावीच लागते. मग तो यादीत बसेल ते कारण सांगतो. हे खोटं दोघांनी मिळून घडवलेलं असतं, आणि त्यातला आपला वाटा आपल्याला दिसत नाही.

आणि आहेर ही उधळपट्टी आहे असं तुम्ही धरून चाललात. तुम्ही बँकेत आहात, तर तुमच्याच भाषेत बोलते. बाई तीन घरं करतात असं धरू, प्रत्येकी 2,500 म्हणजे महिना 7,500. एका घराची बदली झाली की कुठलीही नोटीस न येता एक तृतीयांश उत्पन्न गेलं. आजारी पडून आठ दिवस गेल्या नाहीत तर खाडे कापले जातात. तुमच्याकडे या परिस्थितीचा अर्ज आला तर तुम्ही कर्ज द्याल का? नाहीच देणार. मग नवरा पायरीवरून पडला त्या रात्री त्यांना रिक्षाचे आणि एक्स-रेचे पैसे कोण देणार? बहीण, भाऊ, जाऊ, शेजारीण. ज्या माणसांच्या भरवशावर ती रात्र काढायची, त्यांच्या लग्नात हात आखडून चालत नाही. आहेर हा त्यांचा विम्याचा हप्ता आहे. तो चुकला की पॉलिसी बंद. तुम्ही-आम्ही हप्ता कंपनीला भरतो आणि नातेवाइकांशी भांडायला मोकळे राहतो, एवढाच फरक.

मी हे शहाणपण कुठल्या पुस्तकातून शिकलेली नाही. कित्येक वर्षं मी आमच्याकडच्या बाईंना उरलेली पोळी, भात बांधून देत होते आणि त्याचं मला मनातून फार बरं वाटायचं. एकदा गॅलरीत कपडे वाळत घालताना दिसलं, की त्यांनी गेटबाहेर पुडी सोडली आणि कुत्र्याला घातली. मला इतका संताप आला की दुसऱ्या दिवशी चहा देतानाच विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "बाई, मला साखर आहे. डॉक्टरनं भात-पोळी कमी करायला लावलीय. तुम्ही एवढ्या मायेनं बांधता, नको कसं म्हणू?" रोज सकाळी दीड तास माझ्या स्वयंपाकघरात असलेल्या बाईला मधुमेह आहे, हे मला माहीत नव्हतं. मीही त्या वेळी चर्चच्या रविवारच्या शाळेत चांगल्या शोमरोन्याचा, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाचा, धडा शिकवत होते.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, आणि ते तुम्ही स्वतःच्या बाजूचा पुरावा म्हणून लिहिलंय. "त्यांचा कप वेगळा ठेवलाय."

ताई, तुमच्या पणजीची जात पत्रात नाही आणि मला ती विचारायचीही नाही. पण नगर जिल्ह्यात त्या काळी जी घरं ख्रिस्ती झाली, त्यातल्या बहुतेकांना ओंजळीत वरून ओतलेलं पाणी ठाऊक होतं. वेगळा कप म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायची गरज नाही. तो कप कसा असतो तेही मला माहीत आहे: कान तुटलेला, नाहीतर सेटमधला एकटा उरलेला, ओट्याच्या खालच्या फडताळात फिनाईलच्या बाटलीशेजारी. तुमच्या घरी तसा नसेल तर माफ करा. पण असला, तर महिला मंडळातल्या भाषणाची तयारी त्या फडताळापासून सुरू होते.

"शिकलो, कष्ट केले, वर आलो" याचंही थोडं बघायला हवं. तुमच्या घरातल्या सांगण्यावरून हिशोब लावला तर पणजी बहुधा 1899–1900 च्या दुष्काळातली. नगरमध्ये अमेरिकन मिशनचं काम 1831 पासून चालू होतं, शाळा होत्या, त्यामुळे दुष्काळात आलेल्या पोरांना घ्यायला जागा होती आणि शिकवायला माणसं होती. पणजीने कष्ट केले यात शंका नाही. पण त्याआधी कुणीतरी तिला खाऊ घातलं, अंगावर कपडा दिला, पाटी दिली, आणि हे एक नाताळ नव्हे तर आठ-दहा वर्षं. शेवटी तिला पगाराची नोकरी मिळाली. एवढं सगळं झाल्यावर ती वर आली. तिला वेशीवर एक ब्लँकेट देऊन फोटो काढून परत पाठवलं असतं, तर आज तुम्ही कुठे असता?

त्या अनाथाश्रमांविषयी मी भाबडेपणाने बोलत नाही. पोटासाठी धर्म बदलला, हा टोमणा आपल्या आज्या-पणज्यांनी आयुष्यभर ऐकलाय, आणि भुकेल्या लेकराला निवड करायला वाव किती होता हा प्रश्न खराच आहे. म्हणूनच तुमच्या मंडळीला एक सांगते: किराण्याच्या पिशवीत धर्मप्रचाराच्या पत्रिका घालू नका. कुणी आपणहून विचारलं तर जरूर बोला. पण तांदळाखाली शुभवर्तमान ठेवलं, की घेणाऱ्याला दोन्हींची किंमत चुकवल्यासारखं वाटतं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपल्याकडे उठसूट देतात, पण त्यातली मुख्य गोष्ट गाळून. 1874 च्या सुमारास दक्षिणेत भटकताना त्यांचे आईवडील उपासमारीच्या दिवसांत गेले. त्या स्वतः उपाशी राहिल्या होत्या, चालल्या होत्या. पुढे 1896–97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुलीबाळी घेऊन आल्या, तेव्हा भुकेलेल्या बाईचं काय होतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांनी नुसतं अन्नछत्र घातलं नाही. छापखाना, हातमाग, तेलाचा घाणा, शेती. बाईच्या हातात धंदा यावा अशी सगळी मांडणी. त्यांचा कळवळा स्वतःच्या आठवणीतून आला होता. तुमच्याकडेही तशी आठवण आहे, फक्त ती तीन पिढ्या मागे पडलीय. आई किंवा मावशी कुणी हयात असेल तर पणजीचं सविस्तर विचारून घ्या: आश्रमात काय खायला मिळायचं, मार पडायचा का, कोण आवडायचं, कुणाचा राग यायचा. उपकार घेणाऱ्या माणसाला उपकार करणाऱ्याचा किती राग येतो, तेही त्यात सापडेल.

पौलाचं वाक्य तुम्ही आधाराला घेतलंत. ते थेस्सलनीकातल्या अशा लोकांना लिहिलंय, जे काम करू शकत असूनही काम टाकून दुसऱ्याच्या जिवावर बसले होते. सकाळी सहाला पाणी भरून तीन घरची भांडी घासणाऱ्या बाईला ते कसं लागू होतं, हे मला समजलं नाही. तोच पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीवर मात्र भयंकर चिडलाय, आणि तो भाग आपल्याला लागू होतो. तिथे मंडळी प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत एकत्र जेवायला, जमायची. ज्यांच्याकडे होतं ते आधीच खाऊन-पिऊन घ्यायचे, आणि ज्यांच्याकडे काही नव्हतं ते उपाशी राहायचे. आपले पाळकसाहेब दर प्रभुभोजनाला जे शब्द वाचतात, ते या रागाच्या मधोमध आलेत. आपण तेवढेच शब्द कापून घेतो. तुमच्या चर्चमध्ये भांडी घासणारी, वॉचमनची, रिक्षावाल्याची घरं किती आहेत? ती कुठे बसतात? पंचकमिटीत त्यातलं कुणी आहे का? प्रीतिभोजनानंतर पातेली कोण घासतं?

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. कळवळा कसा शिकायचा, असं तुम्ही विचारलंत. म्हणजे आधी मनात दया दाटून यावी आणि मग हात पुढे व्हावा, हे तुम्ही गृहीत धरलंय. मला ते उलटं वाटतं. आधी हिशोब सरळ करावा, माया मागून येते. आली नाही तरी हिशोब सरळ झालेला असतोच. मोशेच्या नियमशास्त्रात मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या असं सांगितलंय. मनात काय भावना ठेवून द्या, याबद्दल तिथे अक्षर नाही.

म्हणून वस्ती तूर्त राहू द्या. तुमच्या घरात रोज येणाऱ्या बाईंपासून सुरुवात करा. पगार शेवटचा कधी वाढवला? सोसायटीत सगळे हेच देतात, हे कारण मला सांगू नका. सोसायटीत सगळे काय देतात हे सगळ्यांनी मिळूनच ठरवलेलं असतं. महिन्याला ठरलेल्या सुट्ट्या पगारी द्या. तुम्ही गावाला गेलात तर त्यांचा पगार कापू नका, सुट्टी तुमची होती. दिवाळीचा बोनस आपण नाताळात देऊ म्हणून पुढे ढकलतात काही जणी, तसं करू नका. त्यांचा सण दिवाळी असेल तर दिवाळीत द्या. उचल द्यायची की नाही हे आधीच ठरवा: वर्षाला इतकी रक्कम, कारण न विचारता, दरमहा इतकी वळती. कारण विचारायचं नाही म्हटलं की खोटं बोलायची वेळही येत नाही. रक्कम तुम्हाला झेपेल तेवढीच ठेवा आणि त्यापुढे नाही म्हणा. नाही म्हणण्यात पाप नाही. मागच्या 5,000 मधली काही बाकी सोडून द्यायची असेल तर सरळ सोडून द्या आणि पुन्हा त्याचा उल्लेख करू नका.

पैशापेक्षाही तुमच्याजवळ त्यांना न मिळणारी एक गोष्ट आहे: कागद वाचता येतात आणि काउंटरपलीकडच्या माणसाशी बोलता येतं. महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा 2008 चा आहे. तिथल्या नोंदणीसाठी ज्या घरी काम करतात त्या घरचा दाखलाही लागतो. किती मालकिणी तो लिहून देतात? तुम्ही द्या. वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा अपघात विमा बँक खात्यावरून मिळतो, हे तुम्ही रोज ग्राहकांना सांगत असाल. घरी सांगितलंत का? धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बलांसाठी सवलतीत राखीव असतात. हे फलकावर लिहिलेलं असतं, पण रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला हातात धरून, आवाज न चढवता, तिथे तासभर उभं राहणारं माणूस सोबत लागतं. एका शनिवारी ते माणूस व्हा. 40 ब्लँकेटांपेक्षा त्या तासाभरात गरिबी जास्त कळते. ती उभं राहण्यात असते, "उद्या या" ऐकण्यात असते, आणि उद्या आलं की दोन घरांचे खाडे पडतात त्यात असते.

मंडळीपुढे पर्याय दोन-तीन आहेत. वाटप बंद करून तेच पैसे एखाद्या चांगल्या संस्थेला देता येतील. ते वाईट नाही, पण मग तुमचा आणि वस्तीचा उरलासुरला संबंधही तुटेल. वाटप चालू ठेवायचं तर आधी तिथल्या पाच-सहा बायकांना चहाला बोलवा, काय हवं ते विचारा आणि त्यांनी सांगितलेलं ऐका, मग ते पटो वा न पटो. वाटताना फोटो नकोत. मला स्वतःला तिसरा मार्ग आवडतो: वर्षभर दोन-तीनच घरांशी संबंध ठेवायचा आणि त्यांच्याकडून घ्यायलाही शिकायचं. त्यांच्या घरी हळदीकुंकवाला, बारशाला बोलावलं तर जा, दिलेलं खा. दान देताना आपण वर असतो. जेवायला बसलं की सारखे होतो, आणि तिथेच आपली पंचाईत होते. काही घरांशी जमणारही नाही. गरीब माणसंही कजाग, लबाड, कंटाळवाणी असतात, आपल्यासारखीच. सगळे सालस असतील तरच मी प्रीती करीन अशी अट येशूने कुठे घातलेली नाही.

ढोंगी आहे का, असं विचारलंत. पत्रात तुम्ही चीड लपवली नाही, म्हणजे नाही. आणखी एक बारीक गोष्ट. येशूने श्रीमंत मनुष्य आणि लाजराची गोष्ट सांगितली, त्यात दारात पडलेल्या गरिबाला नाव आहे, श्रीमंताला नाही. तुमच्या तीन पानी पत्रात बाईंचं नाव एकदाही आलेलं नाही. गोपनीयतेसाठी गाळलं असेल तर प्रश्न मिटला.

भाषणाचं म्हणाल, तर पाळकसाहेबांना सांगून तारीख जमलं तर महिनाभर पुढे घ्या. मग उभ्या राहा आणि ब्लँकेटचीच गोष्ट सांगा, कपासकट. त्याआधी एखाद्या सकाळी, दोघींचा चहा एकाच सेटमधल्या कपांत ओतून, बाईंना विचारा की त्या दीडशे रुपयांचं काय केलं. चौकशीच्या सुरात नको. त्या सांगतीलच असं नाही. नाही सांगितलं तर महिला मंडळाला तेवढंच सांगा, की मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं नाही.